तेव्हा घेऊन ठेवायला हवी होती

गणपतीचे दिवस. मालवण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीतलं घर घ्या. दुपारची आरती उरकली आहे. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि मोदक अंगावर आले आहेत, आणि मुंबईहून आलेली मंडळी पडवीत चटया टाकून लवंडली आहेत. थोड्या वेळानं कुणाची तरी नजर गडग्यापलीकडे जाते. पूर्वी तिथे दहा-बारा माड आणि एक पडकी विहीर होती, आता दोन मजली लॉज आहे. काका कुशीवर वळतात. "ब्याण्णव सालात ही जागा तो माका देय होतो. मीच नको म्हटलंय." मग तेव्हाचा भाव सांगितला जातो, त्यापाठोपाठ आताचा. पडवी गप्प होते. शेवटी कुणीतरी उसासा टाकतं, "तेव्हा घेवन ठेवक व्हयी होती."

असे काका प्रत्येक वाडीत असतात. त्यांच्या गोष्टीत साल बदलत नाही, जागा बदलत नाही. मात्र दर गणपतीत तेव्हाचा भाव थोडा उतरतो आणि आताचा थोडा चढतो.

न घेतलेल्या वस्तूचं दुःख हे तसं विचित्र दुःख आहे. खिशातून काही गेलेलं नसतं, घरातून काही हरवलेलं नसतं. तरीही तीस-तीस वर्षं ते बोचत राहतं. असं का होतं आणि त्यातलं खरं किती, हे या प्रकरणात पाहू.

केलेली चूक आणि न केलेली चूक

डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये लोकांपुढे दोन गुंतवणूकदार ठेवले. पहिल्याकडे 'अ' कंपनीचे शेअर होते. ते विकून 'ब' कंपनीचे घ्यावेत असं त्याच्या मनात आलं, पण त्यानं घेतले नाहीत. दुसऱ्याकडे 'ब'चेच शेअर होते, ते विकून त्यानं 'अ'चे घेतले. पुढे 'ब' वधारली. दोघांचंही बाराशे डॉलरांचं नुकसान झालं. जास्त हळहळ कुणाला वाटेल? ९२ टक्के लोकांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. नुकसान सारखंच, पण दुसऱ्यानं ते आपल्या हातानं ओढवून घेतलं होतं.

यावरून वाटेल की केलेल्या चुकीपुढे न केलेली चूक काहीच नाही. पण कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९०च्या दशकात यात काळाचा हिशेब मिसळला. अलीकडच्या दिवसांबद्दल विचारलं तर लोकांना केलेल्या गोष्टी टोचतात. अख्ख्या आयुष्याकडे मागे वळून पाहायला सांगितलं तर बहुतेकांना न केलेल्या गोष्टी आठवतात. न घेतलेलं शिक्षण, न पत्करलेली नोकरी, न बोललेले दोन शब्द.

याचं कारण आपल्याकडच्या जमिनीवरून चटकन कळतं. एखाद्यानं चुकीचा कातळ घेतला. पहिली चार वर्षं घरात भांडणं झाली. "कातळ घेवन काय करतलस?" हे त्यानं बायकोपासून भावकीपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं. मग त्यानं खड्डे मारून काजू लावले, एक कोपरा विकला, पावसाळ्यात कुळीथ टाकून पाहिले. हळूहळू तो कातळ त्याचा झाला आणि चूक रुळली. न घेतलेल्या जमिनीला असं रुळायला वावच नसतो. तिच्यावर गवत माजत नाही, तिच्या हद्दीवरून शेजारी भांडत नाही, तिचा दस्त भरावा लागत नाही. ती कल्पनेतली जमीन आहे, आणि कल्पनेतल्या माडांना उंदीर लागत नाहीत.

निकाल दिसावा लागतो

संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहा. होड्या लागतात, वाळूवर ढीग पडतात, भोवती कोंडाळं जमतं. बोली चढते, कुणी मान हलवून मागे सरतं, आणि बघता बघता टोपली दुसऱ्याच्या नावावर होते. मान हलवणाऱ्या बाईलाही चुटपुट लागते. शेजारणीनं घेतलेले बांगडे बाजारात चांगल्या भावानं गेले, तर त्या रात्री ती दोन शब्द पुटपुटतेही. पण दुसऱ्या दिवशी ती तितक्याच ताठ मानेनं पुन्हा बोलीला उभी असते, कारण कालचा बांगडा आज कुठेच शिल्लक नसतो. त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही.

जमिनीचं तसं नाही. ती गडग्यापलीकडे बसून राहते. तिच्यावर लॉज उभा राहतो, रात्री त्याची पाटी उजळते, सुट्टीत तिथे पुण्याच्या गाड्या लागतात. न घेतलेल्या खरेदीचा निकाल रोज डोळ्यांसमोर येत राहतो.

हळहळ लागण्यासाठी निकाल कळावा लागतो, हे नेदरलँड्समधल्या एका लॉटरीनं फार चतुराईनं वापरलं आहे. तिथल्या 'पोस्टकोड लॉटरी'त तुमचा पिनकोड हाच तिकिटाचा नंबर असतो. बक्षीस एखाद्या गल्लीला लागतं आणि त्या गल्लीत ज्यांनी तिकीट घेतलं असेल त्यांना पैसे मिळतात. साध्या लॉटरीत तिकीट न घेणाऱ्याला आपण काय गमावलं ते कधीच कळत नाही. इथे मात्र शेजारी नवी गाडी घेऊन आला की नेमकं कळतं. मार्सेल झेलनबर्ग आणि रिक पीटर्स या संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं की लोक तिथे तिकीट घेतात त्यामागे या होऊ शकणाऱ्या हळहळीचीही धास्ती असते.

आठवण काय गाळते

ब्याण्णव साली काकांनी नको का म्हटलं? त्यांना आज विचारलं तर ते म्हणतील, "अक्कल नव्हती, दुसरं काय!" हे खरं नाही. अक्कल होती, कारणंही होती. आज ती आठवत नाहीत, इतकंच.

१९७५ मध्ये बारूच फिशहॉफ यानं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानं विद्यार्थ्यांना १८१४ सालच्या इंग्रज-गुरखा युद्धाची थोडी माहिती वाचायला दिली. शेवट चार प्रकारे होऊ शकला असता: इंग्रज जिंकले, गुरखे जिंकले, कोंडी होऊन तह झाला, कोंडी होऊन तहही झाला नाही. काही विद्यार्थ्यांना शेवट सांगितलाच नाही. बाकीच्यांना चारांपैकी कुठला तरी एक 'खरा' म्हणून सांगितला. मग विचारलं, हा शेवट माहीत नसता तर तुम्ही कशाची शक्यता किती धरली असती? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच आधीपासून संभवनीय वाटू लागला होता. शेवट कळल्यावर तो न कळल्यासारखा विचार करणं माणसाला जवळपास जमत नाही.

आता आपल्या किनाऱ्याचा शेवट झाका आणि १९९२ मध्ये जाऊन उभे राहा. रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाल्याला, १ मे १९८१ पासून धरलं तर, अकरा वर्षं झाली आहेत. कोकण रेल्वेचं काम सुरू आहे, पण ती पूर्ण धावायला २६ जानेवारी १९९८ उजाडणार आहे. पर्यटन जिल्हा म्हणून घोषणा व्हायला १९९७ यायचं आहे. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ पर्यंत उघडणार नाही. आज हे सगळे टप्पे आपण एका दमात वाचतो. तेव्हा ते एकेक करून आले, उशिरा आले, आणि कुठला येईल कुठला नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वायंगणी-तोंडवळीचा सी-वर्ल्ड प्रकल्पही असाच गाजावाजात जाहीर झाला होता. विरोध झाला आणि तो कागदावरच राहिला.

त्यातच कायदा. १९ फेब्रुवारी १९९१ ला केंद्र सरकारनं किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली, जिला सगळे सीआरझेड म्हणतात. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिच्या कक्षेत आला. ग्रामीण किनाऱ्यावर त्यातल्या पहिल्या २०० मीटरांत नव्या बांधकामाला बंदी आली. म्हणजे ब्याण्णव साली समुद्राला लागून घेतलेल्या जागेत काकांना स्वप्नातलं घर बांधताच आलं नसतं. पुढे नियम बदलले, २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. पण ते बदलतील यावर त्या दिवशी पैसे लावणं याला दूरदृष्टी म्हणायचं की जुगार, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि सातबारा! कोकणातला सातबारा ज्यानं हातात धरला आहे त्याला वेगळं सांगायला नको. आजोबांच्या नावापुढे वीस-पंचवीस वारसांची रांग. त्यातले चार मुंबईत, एक बडोद्याला, दोघांचा पत्ता नाही, एका आत्याची सही मिळत नाही. इतर हक्कात कुणा कुळाचं नाव. काही ठिकाणी १९७५ च्या कायद्यानं लागलेला खाजगी वनाचा शेरा, काही ठिकाणी आकारीपड, काही ठिकाणी देवस्थानाची जमीन. आंबोली, गेळे आणि चौकुळ या गावांत तर कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. शिवाय महाराष्ट्राच्या कूळ कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. गावी स्वतःच्या नावावर गुंठाही नसलेल्या गिरणी कामगाराला ही पहिलीच आडकाठी होती.

शेवटी समुद्र. तारकर्लीपुढचं देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे पावसाळ्यात किनारा खचतो, माड मुळासकट उन्मळून पडतात, आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या मागण्या सुरू होतात. पडवीतल्या गप्पांत लॉज झालेली जागा येते. समुद्रानं खाल्लेली जागा, भावकीच्या दाव्यात अडकलेली जागा आणि बयाणा देऊन बुडालेली जागा यांचा उल्लेख कुणी करत नाही, कारण तिकडे बोट दाखवायला काही उरलेलंच नसतं.

तीस पटींचा हिशेब

'तेव्हाचा भाव' आणि 'आताचा भाव' शेजारी शेजारी ठेवले की डोळे दिपतात. समजा, १९९२ मध्ये गुंठ्याला दहा हजार होते आणि २०२२ मध्ये तीन लाख झाले. तीस पट! पण तीस वर्षांत तीस पट म्हणजे वर्षाला चक्रवाढीनं साधारण बारा टक्के. आणि त्या काळी भविष्य निर्वाह निधीच्या पोस्टातल्या खात्यावर, म्हणजे पीपीएफवर, बारा टक्केच व्याज मिळत होतं. १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत तो दर तसाच होता. १९८८ मध्ये आलेलं किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट करत होतं. पुढे हे दर खाली आले, त्यामुळे जमिनीची बाजू थोडी वरचढ ठरेलही. पण मोजणी, कुंपण, मुखत्यारपत्र, दरवर्षीच्या खेपा आणि कोर्टाची पायरी वजा केली, तर 'केवढं घबाड हुकलं' यातलं घबाड बरंच सडपातळ होतं.

आणखी एक विचारायचं राहतं. ते दहा हजार तेव्हा कुठे गेले? बहुतेक घरांत त्याचं उत्तर आहे. मुलीची कॉलेजची फी, डोंबिवलीच्या खोलीचं डिपॉझिट, आईचं ऑपरेशन. आठवणीत न घेतलेली जमीन एकटीच उभी असते. तिच्याऐवजी जे घेतलं ते आपण तिच्या शेजारी कधी उभं करत नाही.

किल्ला परत दिलेले व्यापारी

ज्यांचा धंदाच हिशेबाचा होता, त्यांनाही हे गणित आधी सुटलेलं नाही. १६५२ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीनं ईस्ट इंडिया कंपनीला सुचवलं, की पोर्तुगीजांकडून मुंबई विकत घ्यावी. त्यातून काही झालं नाही. पुढे १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालनं तेच बेट इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिलं. १६६८ मध्ये राजानं ते कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकलं. विकत घ्यायचं राहिलेलं बेट शेवटी भाड्यानं हाती आलं.

मालवणची गोष्ट याच्या उलट. १७६५ मध्ये इंग्रजांनी कोल्हापूरकरांकडून सिंधुदुर्ग किल्ला घेतला आणि त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं. पण किल्ला ठेवून घेण्यात फायदा नाही असं मुंबईकर इंग्रजांना दिसलं. व्यापारी जहाजांना त्रास न देण्याचं वचन आणि पावणेचार लाखांहून जास्त रुपयांचा करार घेऊन त्यांनी तो पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या जिजाबाईंना परत केला. १८१२ च्या तहात मालवण पुन्हा त्यांच्याकडे आलं. १७६६ सालचा सौदा शहाणपणाचा होता की मूर्खपणाचा? तहाआधीच्या सेहेचाळीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर दर दशकाला वेगळं आलं असतं. पडवीतल्या जमिनीचंही तसंच आहे. ज्या दिवशी विचाराल त्या दिवसाचा भाव उत्तर देतो.

एक हुकली म्हणून दुसरीही

इतपत हळहळ निरुपद्रवी असती, तर गणपतीतल्या करमणुकीवर सोडून देता आली असती. पण ती पुढच्या निर्णयातही लुडबुड करते. ऑरिट टिकोसिन्स्की आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे दाखवलं. शंभर डॉलरांचा बर्फावर घसरण्याचा पास आता नव्वदला मिळतो आहे, असं लोकांना सांगितलं. काहींना म्हटलं, तुमची आधीची संधी हुकली, तेव्हा तो ऐंशीला होता. काहींना म्हटलं, चाळीसला होता. चाळीसची संधी हुकलेल्यांनी नव्वदचा पास जास्त वेळा नाकारला. नव्वदला घेतला तर मधले पन्नास डॉलर आपण गमावले हे कबूल करावं लागतं. न घेतला तर ते झाकून ठेवता येतं.

आपल्याकडचे कितीतरी चाकरमानी याच खोड्यात अडकलेले दिसतात. दहा हजारांचा गुंठा सोडला म्हणून पन्नास हजारांचा घेतला नाही, पन्नास हजारांचा सोडला म्हणून दीड लाखाचा घेतला नाही. प्रत्येक वेळी कारण एकच, "माका तेव्हा इतक्याक मिळा होती." तेव्हाच्या भावाशी आजच्या जमिनीचा काही संबंध नाही. आज ती आपल्याला हवी आहे का आणि परवडते का, एवढाच प्रश्न असतो.

काहींचं उलट होतं. 'या वेळी तरी चुकायला नको' म्हणून ते गुळगुळीत कागदावरचा नकाशा पाहून सही करतात. नंतर कळतं, प्लॉट स्वतंत्र नाही, सामायिक सातबाऱ्यातला अविभक्त हिस्सा आहे, आणि जायला वाट शेजाऱ्याच्या मेहेरबानीची. पहिल्या हळहळीतूनच ही दुसरी जन्माला येते, आणि या वेळी खिशातले पैसेही गेलेले असतात.

खरी हळहळ कुठे

म्हणजे राहून गेलेल्या खरेदीचं दुःख सगळंच खोटं का? नाही. एक जात खरी आहे, आणि तिचं उदाहरण मालवणपासून फार लांब नाही.

सावंतवाडीची गंजिफा. हातानं रंगवलेली गोल पानं. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत मिळून बारा पानं, एकूण एकशेवीस. चिंचोक्याच्या खळीचे थर देऊन पान ताठ करायचं, घोटायचं, बारीक कुंचल्यानं मत्स्य, कूर्म, वराह काढायचे आणि वर लाखेचा हात द्यायचा. छापील पत्ते स्वस्त झाले तशी गिऱ्हाइकं गेली. एक वेळ अशी आली की ही कला जाणणारे पुंडलिक चितारी हे जवळपास एकटेच वृद्ध कारागीर उरले. संस्थानाचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागिरांना बसवून पुन्हा सुरू केली. आज गंजिफेला भौगोलिक मानांकन आहे, आणि राजवाड्यात गेलात तर पानं रंगवणारे हात समोर दिसतात.

चितारी शिकवायच्या आधी गेले असते तर? तर कितीही पैसे टाकून सावंतवाडीची गंजिफा पुन्हा मिळाली नसती. जमिनीचा भाव वाढला म्हणजे वस्तू आहे, फक्त महाग झाली आहे. कारागीर गेला म्हणजे वस्तूच संपली. पहिल्या प्रकारात पैशांचा हिशेब करून मोकळं होता येतं, दुसऱ्यात होत नाही. गिऱ्हाइकानं 'पुढच्या वेळी घेऊ' म्हटलं तर गुंठ्याचं काही बिघडत नाही. पण सगळ्याच गिऱ्हाइकांनी तसं म्हटलं तर चितारआळीतल्या कारागिराचा मुलगा दुसरी नोकरी पाहतो.

म्हणून पुढच्या वेळी काही नको म्हणताना दोन गोष्टी करा. आधी स्वतःला विचारा, ही वस्तू पुन्हा करणारा कुणी आहे का? नसेल, आणि खिसा परवानगी देत असेल, तर घासाघीस न करता घ्या. असेल, तर निवांत नको म्हणा, पण त्याच दिवशी वहीत चार ओळी लिहून ठेवा. तारीख, सांगितलेला भाव, त्या दिवशी हाताशी असलेले पैसे आणि नको म्हणण्याचं कारण. तीस वर्षांनी पडवीत गप्पा सुरू झाल्या की ती वही काढा. भाव आठवणीत सहज राहतो, कारण मात्र लिहून ठेवलं तरच उरतं.